आठवड्याच्या भाकरी

शनिवारी सकाळची शाळा सुटली की रत्नम्मा वर्गाला कुलूप घालायची, किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायची आणि तशीच वैरागच्या एस.टी. स्टँडची वाट धरायची. पिशवी ती सकाळीच भरून शाळेत आणायची, कारण खोलीवर जाऊन यायचं म्हटलं तर गाडी हुकण्याची भीती. गाडी बार्शीहून भरूनच यायची. उभ्याने जावं लागलं तरी तिला त्याचं काही वाटत नसे. सोलापूर जवळ आलं, गिरण्यांची धुराडी दिसू लागली, की तिचा जीव आधीच घरात जाऊन बसलेला असायचा.

घर म्हणजे बाळीवेशीतल्या एका बोळातल्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. पडवीत चूल. नवरा मल्लिकार्जुन नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात गादीवर काम करायचा. सकाळी गेला की रात्री जेवायच्या वेळेला परतायचा. मोठी नीला सहावीत होती, धाकटा शिवयोगी पहिलीत. रत्नम्माने लग्नानंतर हट्टाने शिक्षिकेचं शिक्षण पुरं केलं होतं. पुढे बरीच वर्षं अर्ज करण्यात गेली, आणि नोकरी लागली ती वैरागला, मुलींच्या शाळेत. शिक्षकाने गावातच राहायचं असा नियम. मल्लिकार्जुन म्हणाला होता, ‘‘घे की. एवढं शिकलीस ते काय पोळपाटावर लिहायला? बघू आमी इकडचं.’’

इकडचं बघायचं म्हणजे मुख्य प्रश्न जेवणाचा. मल्लिकार्जुनला चहापलीकडे काही येत नव्हतं आणि नीला अकरा वर्षांची पोर. तेव्हा रत्नम्माने आपली एक रीत बसवली. रविवारी एकदाच चुलीपुढे बसायचं आणि आठवड्याचं सगळं करून ठेवायचं. तिच्या माहेरी, अक्कलकोटाकडे, सुगीच्या दिवसांत बायका असंच करत. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळून भाकरी अगदी पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग निखाऱ्यापाशी उभी करून पापडासारखी वाळेपर्यंत तिथंच ठेवायची. अशी कडक भाकरी महिनाभर टिकते. रत्नम्मा तर सहा दिवसांपुरत्याच करायची, पण चार माणसांच्या घरातल्या तीन माणसांच्या भाकऱ्यांची चवड फडक्याखाली गुडघ्याएवढी व्हायची. मग उखळात शेंगा, लसूण आणि लाल तिखट घालून चटणी कुटायची, तेल सुटेस्तोवर. कारळ्याची चटणी वेगळी. हरभऱ्याचं पीठ जिरं-मिरची घालून खमंग भाजून डब्यात भरायची. कढत पाण्यात टाकलं की पिठलं तयार, एवढं नीलाला स्टोव्हवर जमत असे. पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे.

‘‘सोमवारी धपाटेच संपवायचे, नीला,’’ ती दर रविवारी बजावायची. ‘‘मंगळवारपर्यंत ठेवलेस तर वास येतो. आणि शिवाला पिठलं पातळ कर, त्याला घट्ट गिळत नाही.’’

‘‘ठावं आहे की, अव्वा,’’ नीला म्हणायची.

सोमवारी पहाटेच्या गाडीने रत्नम्मा परत निघायची. मुलं झोपेतच असायची. ती वाकून दोघांच्या कपाळाला विभूती लावायची आणि दार हळूच ओढून घ्यायची.

संध्याकाळी शाळेतून घरी आल्यावर मुलांकडे शेजारची सायराबानू बघायची. तिचा गोधड्या शिवायचा व्यवसाय होता. रत्नम्माचं घर लिंगायत, खाण्यापिण्याचं सोवळं तिला माहीत, म्हणून ती आपल्या घरचं काही द्यायची नाही. पण नीला स्टोव्ह पेटवायची तेव्हा हातातली सुई तशीच धरून उंबऱ्यावर येऊन बसायची आणि स्टोव्ह विझेपर्यंत उठायची नाही.

असं सगळं मार्गी लागलं होतं. लोक कौतुक करायचे. नव्या पेठेतले दुकानाचे मालक गुरुबसप्पा एकदा म्हणालेसुद्धा, ‘‘आमच्या घरी फ्रीज आला, तरी आमच्या हिला दुसऱ्या दिवसाची तयारी होत नाही. तुमच्या बाई बिनफ्रीजच्या आठवडा काढतात, म्हणजे कमाल की हो!’’

पण वैरागला रत्नम्माच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

ती पार्वतम्मा नावाच्या एका वयस्क बाईकडे राहत होती. पार्वतम्मा एकटीच. दोन्ही मुलं पुण्याला, वर्षातून एकदा यायची. तिने भाड्याबरोबर जेवणही आपणहून गळ्यात घेतलं होतं. संध्याकाळी रत्नम्मा शाळेतून आली की म्हातारी तवा ठेवायची आणि तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी सरळ तिच्या ताटात टाकायची. वर लोणी. भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून वाफ यायची, आणि ती वाफ तोंडावर आली की रत्नम्माला वाटायचं, आपण चोरी करतोय. ऊन भाकरी आपण खातोय, आणि लेकरं तिकडं वाळलेली भाकरी चावतायत. मास्तरीण झालेल्या आईची पोरं.

एका सोमवारी तिने घरच्या चवडीतल्या पाच-सहा भाकऱ्या आणि थोडी शेंगाचटणी फडक्यात बांधून वैरागला आणली. संध्याकाळी पार्वतम्माने तवा ठेवला तशी म्हणाली, ‘‘अज्जी, माझ्यासाठी नका टाकू. मी हीच खाईन.’’

‘‘का गं? माझ्या भाकरीला काय झालं?’’

‘‘काही नाही हो. नीला साडेसातला वाढते. मीबी तेव्हाच बसेन, हेच खाईन. एका पंगतीला बसल्यासारखं वाटतं.’’

पार्वतम्मा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, ‘‘खा बाई. पोरं आठवली की ऊन भाकरीबी कडकच लागती. मला ठावं हाय.’’

तेव्हापासून रोज साडेसातला रत्नम्मा शेंगाचटणीवर तेल घेऊन कडक भाकरी मोडायची आणि मनात घर बघायची. आता नीलाने ताटं घेतली असतील. आता शिवा रुसला असेल, ‘अव्वाच्या हातचं पाहिजे’ म्हणून. नीला त्याला समजावत असेल, ‘अरे, हे अव्वाच्याच हातचं आहे की.’ मग तो कसाबसा जेवत असेल. हे चित्र तिने इतक्यांदा बघितलं होतं की ते खरंच आहे याविषयी तिला शंका उरली नव्हती. रात्री अंथरुणावर ती राजीनाम्याची वाक्यं जुळवायची. सकाळी प्रार्थनेला मुलींच्या रांगा लागल्या, की ती वाक्यं पांगायची.

फाल्गुनातल्या एका बुधवारी गावातले एक जुने पुढारी वारले. मधल्या सुट्टीतच शाळा सोडण्यात आली. बाकीच्या शिक्षिका आपापल्या घरी गेल्या. रत्नम्मा व्हरांड्यात उभी राहिली. उद्या सकाळी पहिल्या गाडीने निघाली तर शाळेच्या वेळेत परत येता येत होतं. तिने कुणाला विचारलं नाही. पिशवीही घेतली नाही. हातातल्या पर्सनिशी ती स्टँडवर गेली. गाडी मिळेपर्यंत चार वाजून गेले.

सोलापूरला उतरली तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. दिवसभराचं ऊन रस्त्यातून वर येत होतं. बोळाच्या तोंडाशी तिने शिवासाठी चुरमुरे घेतले. चालताना तिचं तिलाच हसू येत होतं. आपल्याला बघून शिवा कसा धावत येईल, नीला कशी कमरेला मिठी मारील, रडेलसुद्धा कदाचित. आपणही रडू. घराजवळ आली आणि तिला आतून हसण्याचा आवाज आला.

खिडकीचं खालचं दार लावलेलं होतं, वरचं उघडं. ती टाचा उंचावून उभी राहिली.

मल्लिकार्जुन घरी होता. बुधवारी त्याच्या दुकानाला सुट्टी असते हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या मनातल्या चित्रात तो कधी आलाच नव्हता. बनियनवर, धोतर खोचून तो जमिनीवर बसला होता. दोन्ही तळव्यांवर त्याने एक कडक भाकरी तबकासारखी धरली होती. एका बाजूला नीला, एका बाजूला शिवा.

‘‘कडाम म्हणायच्या आधी तुकड्यांना हात लावायचा नाही!’’ तो ओरडला. ‘‘नीला, तुझी पाळी.’’

नीलाने बोटाचं पेर वाकवून भाकरीवर एक टिचकी मारली. भाकरी तशीच. शिवाने मारली. तशीच. नीलाने परत मारली आणि भाकरीला कडेपासून एक चीर गेली. ‘‘कडाम!’’ तिघंही एकदम किंचाळले. भाकरी फुटून तुकडे खाली पडले. शिवा त्यावर झडप घालून सर्वांत मोठा तुकडा घेऊन पळाला, नीला त्याच्यामागे, आणि मल्लिकार्जुन पोट धरून हसू लागला. मध्ये एक पितळी तांब्या होता. नीलाने त्यातून बर्फाचे खडे काढून ताकाच्या वाट्यांत टाकले. गुरुबसप्पांच्या घरचा बर्फ असणार. शिवाने भाकरीचा चुरा ताकात टाकला, वर चटणी घातली आणि वाटी तोंडाला लावली. त्याच्या नाकाला ताक लागलं होतं. तो जेवत होता. कुणी समजावत नव्हतं, कुणी भरवत नव्हतं. एकामागून एक घास, मजेत.

रत्नम्मा खिडकीबाहेर उभी होती. छातीत काहीतरी फुललं आणि त्याच जागी काहीतरी दुखलं. पोरं सुखात होती. याहून तिने देवाकडे काय मागितलं होतं? तरी तिला दाराची कडी वाजवायला हात उचलेना.

‘‘या अल्ला, रत्नम्मा?’’ मागून सायराबानूचा आवाज आला. ‘‘बाहेर काय को खडी गे? घरमें जा की!’’

आतलं हसणं थांबलं. दार उघडलं.

शिवा दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. धावत आला नाही. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. त्याने वळून बापाला विचारलं, ‘‘अप्पा, आज शनिवार हाय व्हय?’’

नीला तर तपासणीला साहेब आल्यावर वर्ग उभा राहतो तशी उभी राहिली. मग पटकन वाकून सांडलेला भाकरीचा चुरा गोळा करू लागली. ‘‘अव्वा, आमी वाया घालवत नाही हं. सगळं वेचून खातो.’’

‘‘राहू दे गं,’’ रत्नम्मा म्हणाली. ‘‘शाळा लवकर सुटली. म्हटलं जाऊन यावं.’’

मल्लिकार्जुनने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता तिच्यासाठी पाट मांडला. ‘‘बस. बुधवारचं जेवण कधी जेवली आहेस तू?’’

ती बसली. नीलाने वाढलं. भाकरी, चटणी, बर्फाचं ताक. पहिला घास घेतला आणि तिने चटणीकडे बघितलं. ‘‘यात काय घातलंय?’’

‘‘काही नाही. तुझीच आहे.’’ मल्लिकार्जुन म्हणाला. ‘‘रविवारी ती नुसती तिखट असते. तिसऱ्या दिवशी तेल मुरतं, लसूण उतरते, तेव्हा खरी लागते. तुला कसं कळणार? तू रविवारी चाखतेस आणि जातेस.’’

वैरागला तिने हीच चटणी रोज खाल्ली होती. पण तिथं ती चव घेत नव्हतीच. घास पुढे होता आणि मन इथं होतं. आज जिभेला कळलं.

जेवणं झाली. शिवा हळूहळू तिच्या जवळ सरकला आणि तिच्या पर्समधले चुरमुरे सापडल्यावर तर मांडीवरच येऊन बसला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, ‘‘नीला, हा खेळ तुमी रविवारी का नाही गं खेळत? मला तर ठावंच नव्हतं.’’

नीला ताटं उचलत होती. अगदी सहज म्हणाली, ‘‘रविवारी कसं खेळणार? तुझं तोंड चुलीकडं असतं. काही सांगायला आलं की म्हणतीस, ‘थांब, भाकरी करपेल.’ रविवारी घरात तुझी नुसती पाठ असती, अव्वा.’’

बोलणारीला कळलं नव्हतं, ऐकणारीला कळलं. मल्लिकार्जुन म्हणाला, ‘‘नीला, जा, ताटं घासून टाक.’’

मुलं मागे पडवीत गेली. नवरा-बायको ओट्यावर येऊन बसली. बोळात लोक घराबाहेर बाजा टाकून वारा घेत होते.

‘‘मी राजीनामा द्यायचा विचार करत होते,’’ रत्नम्मा म्हणाली.

‘‘ठावं आहे मला.’’

‘‘कसं?’’

‘‘दर सोमवारी जाताना तू घराकडं बघतेस ते पाय निघत नसल्यासारखं.’’ त्याने पायाजवळचा खडा उचलून बोळात भिरकावला. ‘‘पहिल्या महिन्यात विचारली असतीस तर दे म्हटलो असतो. शिवा रोज रडायचा. नीला रडायची नाही, पण जेवायची नाही. मलाबी काय सुचायचं नाही. मग एक दिवस माझ्या हातून भाकरी पडली आणि फुटली, आणि हा हसला. तिथनं तो खेळ निघाला. आता नाही रडत कोण.’’ त्याने तिच्याकडे पाहिलं. ‘‘तेच तुला लागलं ना?’’

ती खोटं बोलू शकली नाही. ‘‘रडत होते तेव्हाबी मी नव्हते, हसायला लागले तेव्हाबी नव्हते. मी नुसत्या भाकऱ्या पाठवल्या.’’

‘‘नुसत्या कशा? आठवडाभर रोज कोण ना कोण म्हणतंय, अव्वानं हे केलं, अव्वानं ते ठेवलं. घरात तू असतेस गं. पण रविवारी असायला पाहिजेस तशी नसतेस, एवढं पोरगी खरं बोलली.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. उजाडलं होतं. बाहेर काढणी झालेल्या ज्वारीच्या कडब्याचे उभे रचलेले बुचाडे मागे पडत होते. आणि तिच्या डोक्यात, कुठून कोण जाणे, एक साधी गोष्ट आली. वैरागला संध्याकाळी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत आपण काय करतो? वह्या तपासतो आणि झुरतो. भाकरी महिनाभर टिकते. मग ती रविवारीच आणि सोलापुरातच का भाजायची?

संध्याकाळी तिने पार्वतम्माला विचारलं. भीत भीतच, कारण चूल म्हातारीची, सरपण म्हातारीचं.

‘‘मी सरपण आणीन, पीठ आणीन. तुमच्या चुलीवर रोज थोड्या थोड्या करू द्याल का? शनिवारी बांधून नेईन.’’

पार्वतम्मा उठली, आतल्या खोलीत गेली आणि काहीतरी ओढल्याचा मोठा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोळिष्टकं लागलेली, बैलगाडीच्या चाकाएवढी परात होती.

‘‘पोरं गेल्यापासनं हिला हात लावला न्हवता,’’ ती म्हणाली. ‘‘घासून घे. आणि तुझ्या त्या भाकरी बघितल्यात मी. जाड करतीस तू. कडंला पातळ, मधी जाड. पोरांचे दात हालतील की गं! मी शिकवती.’’

मग रोज संध्याकाळी दोघी चुलीपुढे बसू लागल्या. म्हातारी थापायची, रत्नम्मा शेकायची. म्हातारी बोलायला लागली की थांबायची नाही. तिच्या पोरांना कुठली भाजी आवडायची, कोण पंगतीतून उठून पळायचा, कोणाला सायीची खोड होती. रत्नम्मा नीला-शिवाचं सांगायची. समोर नसलेल्या पोरांसाठी दोन बायका भाकऱ्या भाजत होत्या. फरक इतकाच, की एकीच्या भाकऱ्या खाणारं कोणी होतं. एकदा रत्नम्मा म्हणाली, ‘‘अज्जी, यातल्या थोड्या तुमच्या पोरांना पुण्याला पाठवू या का? स्टँडवर कुणी जाणारं भेटेल.’’

पार्वतम्मा हातातला गोळा थापत राहिली. ‘‘त्यांच्या घरात आता चपाती असती,’’ ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘पाठव. न्हाय खाल्ल्या तर न्हाय.’’

शनिवारी भाकऱ्यांची चवड जुन्या नऊवारीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत घातली. कंडक्टर ट्रंक टपावर टाकायला निघाला तशी रत्नम्मा ओरडली, ‘‘अहो नको, मांडीवर धरते!’’

‘‘काय हाय एवढं, बाई? काचंचं सामान?’’

‘‘तसंच समजा.’’

सोलापूरपर्यंत ट्रंक मांडीवर होती. पायांना मुंग्या आल्या. घरी उघडली तर वरच्या चार-सहा फुटल्या होत्या, बाकी चवड शाबूत. मल्लिकार्जुनने एक तुकडा तोंडात टाकला आणि भुवया उंचावल्या. ‘‘ही तुझी नाही.’’

‘‘अर्धी माझी आहे.’’

रविवार उजाडला. रत्नम्मा सवयीने अंधार फिटायच्या आत उठली, पडवीत गेली आणि चुलीपुढे उभी राहिली. करायचं काहीच नव्हतं. चटण्यासुद्धा तिने वैरागहून कुटून आणल्या होत्या. तिने आंघोळ केली, लिंगपूजा केली, चहा केला. मल्लिकार्जुन चहा पिऊन दुकानात गेला. रविवारी आसपासच्या गावांची गिऱ्हाइकं येतात, त्यामुळे दुकान उघडंच. शिवा उठला, तोंड धुतलं आणि सायराबानूकडे चिंध्यांचा चेंडू करून घ्यायला पळाला. नीला कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली.

रत्नम्मा भिंतीला टेकून बसली. समोर सगळा दिवस पडला होता, रिकामा. ह्याच दिवसासाठी ती आठवडाभर राबली होती. आणि आता तो हाती आल्यावर त्यात कुणाला कुठून बोलवावं तेच तिला कळेना. पोरांना तिच्या पाठीची सवय. तोंडाची नव्हती. ती उगीच म्हणाली, ‘‘नीला, वेणी घालू?’’

‘‘घातली की मी,’’ नीला म्हणाली. खरंच तिने स्वतःची वेणी घातली होती. थोडी वाकडी, पण घट्ट.

‘‘कुणी शिकवली?’’

‘‘कुणी नाही. आलीच.’’

नीलाने पुस्तकाचं पान उलटलं, परत उलटलं. मग पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, ‘‘अव्वा, तू आज दिवसभर अशीच बसणार?’’

‘‘मग काय करू? सांग तूच.’’

नीलाने विचार केला. ‘‘अप्पाचं दुकान बघितलंयस तू आतून?’’

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण नव्या पेठेतल्या त्या गादीवर रत्नम्मा कधी गेली नव्हती. पुरुषांची कामाची जागा. पण आज ती उठली. चांगलं इरकल नेसली. शिवाला बोलावून त्याचं तोंड पुसलं. डब्यात फुटक्या भाकऱ्या, दही आणि चटणी घेतली, आणि तिघंही उन्हातून नव्या पेठेत गेली.

दुकानात करकंबहून आलेली लग्नघरची मंडळी चादरी बघत होती. मल्लिकार्जुन गादीवर गुडघ्यांवर बसून एकेक चादर झटकन उघडून त्यांच्यापुढे पसरत होता. तोंडाने सारखं चालू होतं, ‘‘हा रंग जाणार नाही, धुवा, उन्हात टाका, जाणार नाही. हात लावून बघा की.’’ घरी इतकं बोलणारा हा माणूस नव्हे. रत्नम्मा दारातच थबकली. इतक्या वर्षांत तिने त्याला असं काम करताना पाहिलं नव्हतं. त्याचे हात किती चपळ होते.

त्याने मान वर केली, तिघांना पाहिलं आणि एक क्षण हातातली चादर अर्धी उघडीच राहिली.

मालक गुरुबसप्पा गल्ल्यावरून म्हणाले, ‘‘अरे मल्लप्पा, बाई आल्यात. गिऱ्हाइकाला बसायला सांगायचं असतंय!’’

लग्नघरची मंडळी आपला गठ्ठा बांधून घेऊन बाहेर पडली. रत्नम्मा गादीच्या कडेला अवघडून बसली. मल्लिकार्जुनने घसा साफ केला आणि अगदी दुकानदारी आवाजात विचारलं, ‘‘काय दाखवू, बाई?’’

नीला तोंडावर हात धरून हसू लागली. रत्नम्माला वाटलं, नको म्हणावं, घ्यायचंच नाही तर कशाला. पण ती म्हणाली, ‘‘दाखवा की. चांगली असेल ती.’’

त्याने चादर उघडली. मोरपंखी, वर तांबड्या फुलांची. मग दुसरी. मग तिसरी. शिवा सरळ एका चादरीखाली शिरला आणि तिथूनच ओरडू लागला, ‘‘अव्वा, मी कुठं हाय?’’ नीला दुसऱ्या कडेने शिरली. गुरुबसप्पांनी डोळे मिटून घेतल्यासारखं केलं.

‘‘अजून दाखवा,’’ रत्नम्मा म्हणाली.

तो उघडत गेला, ती बघत गेली. चादरी कमी आणि त्याला जास्त. कपाळावर घाम, खांद्यावर कापसाचा तंतू. चौथी, पाचवी. मुलं चादरीखालून तिच्या पायांशी येऊन आदळली आणि तिने दोघांना चादरीसकट कवेत घेतलं. कपड्याचा नवा कोरा वास, त्यात शिवाच्या डोक्याचा घामट वास. तिने डोळे मिटले. उद्या या वेळी आपण तिसरीच्या वर्गात गुणाकार शिकवत असू, हा विचार आला. आला तो जाईना. पण हातातली पोरंही सुटली नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक थांबलं तेव्हा मागच्या बाजूला, गठ्ठ्यांच्या आडोशाला चौघं जेवायला बसली. रविवारी दुपारी चौघं एकत्र जेवण्याची ती पहिलीच वेळ. शिवाने आपल्या दह्यातला एक घास उचलून तिच्या तोंडापुढे धरला. तिने तोंड उघडलं.

‘‘अव्वा,’’ तो म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारीबी तू अशीच येणार?’’

‘‘येणार.’’

‘‘आणि बुधवारी?’’

रत्नम्माने मल्लिकार्जुनकडे पाहिलं. तो दही कालवत होता, पण त्याचा हात थांबला होता.

‘‘बुधवारी नाही रे, बाळा,’’ ती म्हणाली. ‘‘बुधवारी मी लांब असते.’’

शिवाने मान हलवली, जणू ही गोष्ट त्याने कधीची ठरवून टाकली होती. ‘‘मग बुधवारचं मी तुला शनिवारी सांगेन,’’ तो म्हणाला आणि पुढचा घास स्वतः खाल्ला.